भरती-ओहोटीचा तक्ता

लीव पाच महिन्यांची.
गालांवर दोन लाल बेटं,
कोपराच्या खोबणीत तिसरं, ओलसर.
रात्री ती गाल घासते माझ्या छातीवर,
जणू मी सहाण आहे.

नर्सबाई म्हणाल्या, इसब आहे.
जातं, परत येतं.
कशाने येतं ते तुम्हीच शोधायचं.
एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि लिहून ठेवा.
घरात कोरा कागद सापडेना.
भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता होता,
समासात जागा होती.

तीन तारीख. ओहोटी पहाटे चार दहा.
हीटर रात्रभर चालू. खाजवलं. उशीवर रक्ताचे दोन ठिपके.
चार. हीटर बंद. आम्ही दोघं काकडलो. खाजवलं.
सहा. रानवाने अंडं सोडलं. कपड्यांचा साबणही बदलला.
सात. रानवाने दूध सोडलं.
आठ. रानवाने माझ्याशी बोलणं सोडलं.
(हे खोडलं. नर्सबाईंना दाखवायचा आहे कागद.)

एका वेळी एकच, त्या म्हणाल्या होत्या.
रात्री तीन वाजता
कोण मोजतं?

मी मासळीच्या कारखान्यात कॉड कापतो.
दोनदा आंघोळ करूनच तिला उचलतो.
तरी संशय माझ्यावर आला, म्हणजे मीच घेतला.
दाढी काढली.
तिने पाहिलं, आणि
अनोळखी माणसाच्या कडेवर रडावं तशी रडली.

मग लोकर.
सासूबाईंनी विणलेलं बंडीचं तपकिरी कापड,
न रंगवलेलं, त्यांच्याच मेंढीचं.
सुवुरोय बेटावर लोकर नको म्हणणं
म्हणजे पंगतीत बसून मीठ नको म्हणणं.
सुन्नुवाबाई दारात उभ्या राहिल्या,
बंडी घडी करून परत पिशवीत घातली,
काही बोलल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी दुकानातली सुती बंडी घेऊन आल्या,
किमतीची चिठ्ठी तशीच लोंबत.

लोकर गेली, चट्टे राहिले.
चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि
तो संन्यासीही सासूबाईंच्या हातचा.

अठरा. वादळ. फेरी रद्द.
मलमाची ट्यूब संपली, दुकानात नाही.
एकोणीस. फेरी रद्द.
वीस. फेरी रद्द. सहा तास सलग झोपली.
एकवीस. गाल फिके. वाटलं, वारा पडला म्हणून.
बावीस. बोट आली. मलम आलं.
घंटाभर रांगेत उभा राहून आणलं,
आनंदाने चोपडलं, जाड थर, कोपरापर्यंत.
रात्री पुन्हा लाल.

रानवा तक्त्यासमोर उभी राहिली.
बोट अठरावरून बावीसवर नेलं, मग मागे,
मग पुन्हा पुढे.
ट्यूब उचलली, दिव्याखाली धरली,
मुंगीएवढी अक्षरं वाचत गेली आणि
एका ओळीवर थांबली:
लोकरीची चरबी.

खिडकीबाहेर दगडी कुंपणाआड
मेंढ्या पावसात चरत होत्या.
आमच्याकडे कुंपणच शेत खात होतं,
दिवसातून तीन वेळा,
माझ्याच बोटांनी.

संन्याशाच्या झोळीत थोडा माल होता, हेही खरं.
सासूबाईंना मी फक्त एवढंच सांगितलं की
दोष मलमाचा होता.
त्यांनी लीवचा गाल नखाच्या उलट्या बाजूने तपासला
आणि ‘हं’ म्हणाल्या.

रानवाने काल अंडं खाल्लं,
दोन, उभ्या उभ्या, मीठ न घालता.

तक्ता संपला. नवा महिना लावला.
समास कोरा. लिहायला काही नाही असं म्हणून
टोपण लावलं, मग पुन्हा काढलं.

एक तारीख. ओहोटी पहाटे पाच वीस.
गुडघ्यामागे एक डाग, नाण्याएवढा.
मलम नवं. लोकर नाही. हीटर मंद.
का, माहीत नाही.
दाढी पुन्हा वाढते आहे.
तिला ती मुठीत धरायला आवडते.